आत उघडणारा दरवाजा

आमच्या राजवाड्याच्या महाद्वारातून आजवर एकही शत्रू आत येऊ शकलेला नाही. हे वाक्य दरवाजाशेजारी काळ्या दगडावर कोरलेलं आहे, अक्षरांत सोनेरी रंग भरलेला आहे, आणि ते शब्दशः खरं आहे. फक्त कुठल्याही शत्रूने तसा प्रयत्न केल्याचं मला इतक्या वर्षांत कुठे वाचायला मिळालं नाही. राजवाडा बांधला तेव्हा पुण्यात इंग्रजांची छावणी चांगली मुरलेली होती, आणि महाराजांचं ज्यांच्याशी पिढीजात वैर होतं ते शेजारचे महाराज अधूनमधून इथे पत्ते खेळायला येत. तेही याच दरवाजातून येत. पण त्यांना शत्रू म्हणणं शिष्टाचाराला धरून झालं नसतं.

संस्थानाचं नाव मी लिहीत नाही. वंशज हयात आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. संस्थान घाटापलीकडचं, लहानसं. पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर पुण्यात मुक्कामाला असे, तेव्हा त्याच्या आसपास दिसता यावं म्हणून बरेच संस्थानिक पुण्यात घर बांधत. आमच्या महाराजांनी येरवड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, नदीच्या अलीकडे, जमीन घेतली आणि तिथे राजवाडा बांधला. इतरांनी बंगले बांधले, ह्यांना किल्ला हवा होता. वास्तुकार इंग्रज होता. त्याने महाराजांच्या सगळ्या इच्छा ऐकून घेतल्या आणि त्यांतली एकही नाकारली नाही, हे इमारतीकडे बघितलं की कळतं.

मी ह्या राजवाड्याचा देखभाल पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. लोकांना वाटतं, ही नोकरी म्हणजे झुंबरांखाली फिरणं. संपादकांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी लेखासाठी 'राजवैभवाच्या सहवासात' असं शीर्षक सुचवलं होतं. प्रत्यक्षात ह्या कामाचा पगार घाबरण्यासाठी मिळतो. जुनी इमारत सांभाळणारा माणूस दिवसभर घाबरत असतो. भिंतीवर ओल दिसली की छताची भीती, भुशाची बारीक रांग दिसली की वाळवीची भीती, जळका वास आला की वायरिंगची भीती, आणि काहीच दिसलं नाही, कसलाच वास आला नाही, तर आपलं वय झालं ह्याची भीती. जो घाबरत नाही तो ह्या कामाला नालायक. माझ्या आधीचे पर्यवेक्षक अतिशय धीराचे गृहस्थ होते. त्यांच्या काळात जनान्याचा सज्जा पडला.

लोकही भीतीत भर घालायला येतात. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं होतं. मी कार्यालयात चहा घेईपर्यंत त्यांच्या फोटोग्राफरने सागवानी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पेटती पणती ठेवली होती आणि नवरी घेरदार घागरा घालून वरून खाली उतरत होती. मी ओरडलोही नाही, कारण ओरडल्यावर ती दचकली असती. खालून एकेक पणती फुंकत वर गेलो. फोटोग्राफर म्हणाला, "काका, फ्रेममधून बाहेर व्हा ना." त्यांच्या अल्बममध्ये कुठेतरी मी गाल फुगवलेला असणार.

आता इमारतीबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण पुढे जे झालं ते इमारतीमुळे झालं.

समोरून राजवाडा अखंड काळ्या दगडाचा दिसतो. दगड फक्त दर्शनी भागाला आहे, मागे वीट आणि चुना. दरबारात संगमरवरी वाटणारे खांब ओतीव लोखंडाचे आहेत, वर गिलावा करून त्याच्यावर संगमरवराच्या रेषा रंगवलेल्या आहेत. एक म्हातारे गृहस्थ दर वर्षी येऊन प्रत्येक खांबावर टिचकी मारून बघत आणि "अजून लोखंडच आहे" असं मला सांगून जात. पण महाराजांचा खरा जीव होता महाद्वारात. जुन्या किल्ल्यांच्या दरवाजाला असतं ते सगळं त्यांना हवं होतं आणि ते सगळं त्यांना मिळालं. हत्तीने धडक देऊ नये म्हणून बाहेर अणकुचीदार खिळे. वर नगारखाना. मोठी दारं बंद असताना ये-जा करायला एका दारात बसवलेला छोटा दिंडी दरवाजा, ज्यातून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो आणि तोही मान खाली घालून. आत शिरल्याबरोबर समोर भिंत, म्हणजे शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये. वाट काटकोनात वळते आणि मग चौक लागतो. वळणावर पहारेकऱ्यांची देवडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दारं आत उघडतात. किल्ल्याची दारं आतच उघडतात, कारण मागे अडसर घालून आणि माणसं लावून ती बंद धरता येतात. बाहेरच्याने कितीही जोर लावला तरी आतल्यांच्या वजनापुढे तो चालत नाही.

थोडक्यात, ह्या दरवाजातून घाईने आत येणं अशक्य होतं. घाईने बाहेर जाणंही तितकंच अशक्य आहे, हा विचार वास्तुकाराने केला नाही. मी तो रोज करत असे. राजवाडा आता ज्या सरकारी खात्याकडे आहे त्याला मी पत्र लिहिलं की मोठी दारं दिवसभर उघडी ठेवावीत. उत्तर आलं की मान लववून प्रवेश करणं हा ह्या वास्तूच्या अनुभवाचा अविभाज्य भाग आहे. पत्र लिहिणारे साहेब स्वतः मागच्या, बागेकडच्या फाटकातून मोटारीने येत. त्या फाटकाची वाट त्यांच्या मोटारीसाठी राखीव, एरवी कुलूपबंद.

देवडीत आता तिकीट खिडकी आहे आणि खिडकीमागे शेलारबाई. पुण्यात ज्यांनी कधी कुठे तिकीट काढलं असेल त्यांना शेलारबाई वेगळ्या सांगायला नकोत. येरवड्याच्या त्या प्रसिद्ध राजवाड्याला जायला निघालेले लोक वाट चुकून आमच्याकडे येत आणि खिडकीशी विचारत, "गांधीजी इथेच होते ना?" बाई म्हणत, "नाही. पण आलाच आहात तर तिकीट काढा. इथे ते नव्हते हे बघून जा." त्यांच्यापुढे एक माईक असे. चौकातल्या चार कर्ण्यांतून त्यांचा आवाज सगळ्या राजवाड्यात ऐकू जाई. "निळा शर्ट, खांबाला टेकू नका. खांब तुमच्यापेक्षा म्हातारा आहे." निळा शर्ट घातलेली सगळी माणसं एकदम सरळ होत.

ह्या बाईंना मधमाशी चावली तर त्या मरू शकत होत्या.

हे आम्हाला कसं कळलं, तर एकदा एक साधी मधमाशी खिडकीतून आली आणि त्यांच्या मनगटाला चावली. थोड्या वेळाने मी सुट्टे पैसे मागायला गेलो तर बाईंचे ओठ सुजले होते आणि घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाचल्या. डॉक्टर नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "काही लोकांचं शरीर असं असतं. पुढच्या वेळी ह्याहून लवकर आणि ह्याहून जोरात होईल. रिक्षा शोधत बसू नका." त्यांनी एक छोटी बाटली आणि सुई दिली, ती कायम पर्समध्ये ठेवायची आणि वेळ आली तर मांडीत टोचायची. बाईंचे हात तेव्हा थरथरतील म्हणून मलाही शिकवलं. सराव मोसंब्यावर केला. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "पाटणकर, मोसंबं गेलं बहुतेक."

आणि महाद्वारावर, नगारखान्याच्या खाली, चौकाच्या बाजूला, दर वर्षी दिवाळीनंतर आग्यामोहोळ लागत असे.

ज्यांनी आग्यामोहोळ बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते पेटीतल्या मधमाश्यांसारखं घरगुती प्रकरण नव्हे. कमानीला उघडं लटकणारं, सुपाएवढं किंवा त्याहून मोठं काळसर पोळं, आणि त्याच्यावर माश्यांचा जिवंत पडदा. मधूनच त्या पडद्यावरून एक लाट जाते, वाऱ्याने कापड हलावं तशी. त्यांना कुणी त्रास दिला नाही तर त्या काही करत नाहीत. उन्हाळा वाढला की आपोआप निघून जातात. पण बिथरल्या तर सगळ्या मिळून उठतात, हलणाऱ्या गोष्टीमागे लांबवर जातात, आणि एकीने डंख मारला की त्या वासाने बाकीच्या तिथेच येतात.

पहिली चावल्यानंतर बाईंच्या खिडकीला मी जाळी बसवून घेतली, खाली फक्त हात जाईल एवढी फट. बदली मागा म्हटलं. त्या म्हणाल्या, "कुठे, हडपसरच्या गोदामात? तिथे उंदीर आहेत. त्यांना आधी विचारते, माझं काय करणार आहेत." मुलीचं शिक्षण चालू होतं, घर जवळ होतं, नवरा नव्हता. बाई तिथेच राहिल्या. मी रोज सकाळी आधी कमानीकडे बघायचो, मग खिडकीकडे.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात राजवाड्याचा महोत्सव ठरला. मंत्री येणार, महाराजांचे वंशज येणार. ह्यांना सगळे युवराज म्हणतात. ते साठीच्या पुढे आहेत आणि कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतात. कल्पना अशी होती की निमंत्रितांना आधीच चौकात बसवायचं, महाद्वार बंद ठेवायचं, आणि मंत्री बाहेर येऊन उभे राहिले की तुतारीच्या निनादात दोन्ही दारं उघडायची.

कार्यक्रमाची व्यवस्था एका कंपनीकडे होती. कंपनीतर्फे रिया नावाची मुलगी आली, कानात यंत्र, हातात टॅब. "सर, एकदम रॉयल एन्ट्री हवी. ढोल, फॉग, वरून पाकळ्या."

मी तिला कमानीखाली नेलं आणि वर बोट दाखवलं. त्याच वेळी पोळ्यावरून ती लाट गेली.

"ओह माय गॉड," ती म्हणाली. "हे जिवंत आहे?"

मी तिला सगळं सांगितलं. कार्यक्रम बागेत घ्या म्हटलं. ते तिच्या हातात नव्हतं, साहेबांच्याही नव्हतं. मंत्र्यांना दरवाजाच हवा होता. पोळं हलवणारे जाणकार आठवड्यानंतरची वेळ देत होते. पोळं जाळून मध नेणारे उद्या यायला तयार होते, पण ते बिथरलेल्या माश्या मागे सोडून जातात. शेवटी आम्ही दोघांनी बसून काय काय करायचं नाही ते ठरवलं. ढोल नाही. धूर नाही. फटाके नाहीत. अत्तर शिंपडायचं नाही, उग्र वासाने माश्या चिडतात. तुतारी दूर रस्त्यावर. रियाने हे सगळं पाळलं, हे मी मुद्दाम लिहितो. पुढे तिच्यावर बरंच ढकललं गेलं.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी शेलारबाईंना मी सुट्टी घ्यायला सांगितलं.

"मंत्री येणार म्हणून मी सुट्टी घेऊ? त्यांनी घ्यावी."

"बाई, माश्या."

"माश्या रोजच आहेत. मंत्री एकच दिवस. आणि आज सगळे फुकटात आत येणार, एवढ्या लोकांवर लक्ष कोण ठेवणार? तुम्ही?" दार आतून लावून, जाळी घट्ट करून, माईक पुढे ओढून त्या बसल्या. पर्स खुंटीला होती. मी ती दोनदा उघडून बघितली.

निमंत्रित आले. दिंडी दरवाजातून एकेक जण वाकून आत आला आणि आत आल्याबरोबर फेटेवाल्याने त्याच्या डोक्याला फेटा बांधला. फेटे भाड्याचे होते. चौक भरला. दारं बंद झाली. युवराज जरीचा शेला आणि कमरेला तलवार लावून देवडीपाशी, स्वागताला. मी दरबाराच्या पायऱ्यांवर, नजर कमानीवर. बाहेर मोटारी थांबल्याचा आवाज आला. लांबून तुतारी वाजली. पोळं शांत होतं. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात भिंतीवरून एक भुणभुण आत आली.

ड्रोन होता. मंत्र्यांच्या स्वतःच्या फोटोग्राफरने बाहेरून उडवलेला. त्याच्याबद्दल रियाला कुणी सांगितलं नव्हतं. दारं उघडताना आतून दिसावीत म्हणून तो चौकात येऊन कमानीसमोर थांबला. पोळ्याच्या अगदी समोर, आपली पाती फिरवत, त्यांच्यासारखाच आवाज करत. काही लोकांनी त्याच्याकडे बघून हात हलवले.

पोळं पडलं असं वाटलं. पडलं नव्हतं, त्याच्यावरचा पडदा सुटला होता. आधी ड्रोन काळा झाला. मग तो डगमगत खाली आला आणि खुर्च्यांच्या मध्ये आपटला. आणि माश्या माणसांवर आल्या.

त्या आवाजाचं वर्णन मला आजही करता येत नाही. आधी किंचाळ्या नव्हत्या, फक्त खुर्च्या पडल्याचा आवाज. मग सगळे उठले आणि ज्या वाटेने आले होते त्या वाटेने धावले. माणूस घाबरला की आलेल्या वाटेनेच जातो. शे-दीडशे माणसं त्या काटकोनातल्या वळणात शिरली. पुढचे दारापर्यंत पोचले, आणि मागच्यांनी त्यांना दारावर दाबलं. दिंडी दरवाजाही आतच उघडतो. दार उघडायचं तर माणसांनी मागे सरायला हवं, आणि मागच्यांना वळणामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की पुढचे हलत नाहीत. म्हणून ते आणखी जोर लावत होते. महाराजांचा दरवाजा शत्रूसाठी बांधला होता, आणि तो आपलं काम चोख करत होता.

मी दरबाराची दारं उघडली आणि ओरडलो, "इकडे या! आत या!" माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. त्या वळणात आता कुणीतरी खाली पडणार, आणि पडला की तो उठणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आयुष्यभर ज्या ज्या गोष्टींना घाबरलो त्यांच्यात ही पहिली होती.

आणि कर्ण्यांतून शेलारबाईंचा आवाज आला.

"दार आत उघडतं. ढकललंत तर संध्याकाळपर्यंत उघडणार नाही. जे मागे आहेत ते मागे फिरा. हो, तुम्हीच. मागे दरबार उघडा आहे. फेटे सोडा, तोंडावर गुंडाळा. हात झटकू नका, त्या चिडतात. जांभळी साडी, चप्पल राहू दे. शाळा सुटल्यासारखं पळू नका, रांगेत चला."

विनंती केली असती तर कुणी ऐकलं नसतं. पण पुण्यात कुणी त्या सुरात बोललं की माणूस आधी ऐकतो आणि मग रागावतो. मागची माणसं वळली. वळणातला दाब सुटला. फेटे सुटू लागले. तोपर्यंत मला फेट्याचा काय उपयोग असतो ते माहीत नव्हतं. डोकं झाकलेल्यांना कमी चावल्या आणि सोडल्यावर त्यात दोन माणसांची तोंडं झाकत होती. लोक आंधळ्यासारखे एकमेकांचा खांदा धरून दरबारात येत होते आणि मी एकेकाला आत ओढत होतो.

"पाटणकर, एक दार लावून घ्या, सगळं उघडं टाकू नका," कर्णे म्हणाले. मग माईकवरच, दुसऱ्या कुणाला तरी, "अहो, दार काय वाजवताय? थांबा. तलवार बाहेर ठेवा, इथे जागा नाही. या."

ते युवराज होते. चौक ओलांडायचं धैर्य त्यांना झालं नव्हतं. बाईंनी त्यांना आत घेतलं, आणि त्यांच्या जरीच्या शेल्याच्या घड्यांतून माश्याही आत आल्या.

"डाव्या बाजूचे थांबू नका, बूट काढायची गरज ना—"

वाक्य तुटलं. "आई गं," असं हळूच ऐकू आलं. मग काही नाही.

मग श्वास. माईक चालूच होता. चौकातल्या चारही कर्ण्यांतून एका माणसाचा श्वास येत होता, आणि हळूहळू त्याला शिट्टी लागत होती. कशाचा आवाज आहे ते दरबारातल्या लोकांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

"पर्स," कर्णे म्हणाले. "ती नव्हे... ती पिशवी आहे... खुंटीला."

"ही बाटली?" युवराजांचा आवाज. "ह्याचं काय करायचं? बाई, मला सुई बघवत नाही हो. बाई?"

मी शेजारच्या गृहस्थांचा फेटा मागितला. ते म्हणाले, "भाड्याचा आहे." मी तो ओढून घेतला, आणखी एक घेतला, डोळ्यांपुरती फट ठेवून डोकं-मान गुंडाळली आणि चौकात उतरलो. धावायचं नव्हतं. धावलं की त्या मागे येतात, हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. रिकाम्या पांढऱ्या खुर्च्यांमधून मी चालत गेलो. हातांवर, कानापाशी त्या बसत होत्या, चावत होत्या, आणि वर तो श्वास चालू होता. तो थांबू नये एवढंच डोक्यात होतं. वळणापाशी तो एकदा थांबला. मी धावलो.

देवडीचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत बाई जमिनीवर बसल्या होत्या, पाठ भिंतीला. चेहरा ओळखू येत नव्हता. युवराज बाटली आणि सुई पुढे धरून उभे होते, डोळे मिटून. मी बाटलीतलं औषध सुईत ओढलं. सुई मांडीपर्यंत न पोचता हवेतच फिरत होती.

बाईंनी एक डोळा किलकिला केला. आवाज घशातून खरवडत आला. "मांडीत... तिथे काय... हवेत..."

मी टोचली. साडीवरूनच. मोसंब्यापेक्षा सोपं होतं ते. मोसंबं निसटतं.

त्यानंतरचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. मी त्यांचा हात धरून बसलो होतो आणि शिट्टी ऐकत होतो. ती बारीक झाली, की मला तसं वाटलं, ते मी ठरवू शकत नव्हतो. डॉक्टर म्हणाले होते की औषध थोडाच वेळ पुरतं, ताबडतोब दवाखाना. बाहेर मंत्र्यांच्या ताफ्यात रुग्णवाहिका होती. पण ताफा निघाला होता. मंत्री गाडीतून उतरलेच नव्हते.

ती रुग्णवाहिका रियाने थांबवली. ती मंत्र्यांसाठी बाहेर थांबली होती आणि कानातल्या यंत्रात तिला बाईंचा श्वास ऐकू येत होता; त्या दिवशी बाईंचा माईक तिच्याच ध्वनिव्यवस्थेला जोडलेला होता. ती रस्त्यावर शेवटच्या गाडीसमोर हात पसरून उभी राहिली. चालक म्हणाला, "मॅडम, मंत्र्यांबरोबर जावं लागतं, प्रोटोकॉल आहे." ती म्हणाली, "मग मला उडवून जा." हे तो चालकच नंतर मला सांगत होता, अजून थोडा रागात.

वळण आता रिकामं होतं. युवराजांनी आणि मी अडसर काढला आणि दारं आत ओढली. दोन्ही. दिंडी दरवाजातून स्ट्रेचर आलं नसतं. बिजागऱ्या मोठ्याने करकरल्या. लांब रस्त्यावर उभ्या असलेल्या तुतारीवाल्याला दारं उघडलेली दिसली, आणि त्याला मिळालेल्या सूचनेप्रमाणे त्याने तुतारी फुंकली. तिच्या निनादात शेलारबाई राजवाड्याबाहेर गेल्या.

पुष्कळांना डंख होते, काहींना सलाईन लागलं, पण कुणी दगावलं नाही. दवाखान्यात बाईंची मुलगी आली. तिने मला एकच प्रश्न विचारला, "काका, ती आज घरी का नाही राहिली?" डॉक्टरांनी बाईंना रात्रभर नजरेखाली ठेवलं, कारण असा झटका पुन्हा येऊ शकतो. ती भीती मी बाकावर बसून काढली, सवयीने.

सकाळी त्यांचा चेहरा निम्मा ओळखू येत होता. त्यांनी विचारलं, "मंत्री आत आले?"

"नाही."

"मग मोठी दारं कुणासाठी उघडलीत?"

"तुमच्यासाठी."

"तिकीट नव्हतं माझ्याकडे," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच बघितलं.

चौकशी समिती बसली. समितीने बऱ्याच गोष्टी लिहिल्या. त्यांतली एक कामाची होती. महाद्वार काढून, बिजागऱ्या बदलून, ते बाहेर उघडेल असं बसवावं. युवराजांनी ह्याला विरोध करू नये म्हणून साहेब त्यांना भेटायला गेले. युवराज म्हणाले, "मी त्या देवडीत होतो. उद्या काढा."

उन्हाळ्यात माश्या निघून गेल्यावर केलेलं, माझ्या नोकरीतलं ते शेवटचं काम. दरवाजाच्या माहितीफलकावर लिहिलं होतं की तो अखंड सागवानाचा असून संस्थानातून हत्तींनी ओढत आणला. मी क्रेन मागवली होती. सुताराने बाजूची पट्टी काढली, आत बघितलं आणि मला बोलावलं. सागवान वरून बोटभर जाडीचं होतं. आत मालाच्या खोक्यांच्या हलक्या देवदारी फळ्या भरलेल्या होत्या. फळ्यांवर इंग्रजीत 'ही बाजू वर ठेवावी' असं छापलेलं होतं, आणि ती अक्षरं उलटी होती. इतक्या वर्षांत हे मला कसं कळलं नाही, असं सुताराने विचारलं. ऐतिहासिक वस्तूला हात लावू नये, असा खात्याचा नियम होता. जड लागत होता तो गंज.

क्रेन परत पाठवली. दारं दोघा हमालांनी उचलली.

दरवाजा आता बाहेर उघडतो. सकाळी शेलारबाई तो एका हाताने उघडतात. दुसऱ्या हातात डबा असतो.